खान्देशात लाकडी पिंपाची बाग: सांगोपांग मार्गदर्शन

मे महिन्याची दुपार. भुसावळात पारा ४५ च्या पुढे गेला आहे, कूलर घरघरतो आहे, आणि त्याच्या पुढ्यात लुंगी सावरून पडलेल्या गृहस्थाच्या मोबाइलवर एक चित्र येते: परदेशातले हिरवेगार अंगण, मधोमध अर्धे कापलेले लाकडी पिंप आणि त्यातून ओसंडणारी जांभळी फुले. खान्देशातल्या बागेच्या बहुतेक कल्पना याच वेळी जन्मतात आणि संध्याकाळी वारा सुटला की विरून जातात. ज्यांच्या त्या विरत नाहीत, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. पायऱ्या क्रमाने कराव्यात. शेवटची पायरी खरे तर तिसरी आहे; ती शेवटी का गेली, ते तिथे पोचल्यावर कळेल.

पायरी पहिली: पिंप मिळवणे

प्रथम भंगारवाल्याकडे जावे आणि लाकडी पिंप मागावे. तो आधी पत्र्याचे दाखवील, मग निळे प्लास्टिकचे, आणि शेवटी मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहील. दोष त्याचा नाही. ‘पिंप’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला, आणि तो पिपा म्हणजे मद्य साठवायचे लाकडी पिंप. शब्द जहाजातून उतरला, घाट चढला आणि तापीकाठापर्यंत पोचला. लाकूड तेवढे वाटेत गळाले.

चित्रातल्या अंगणात ते इतके सहज दिसते त्यामागे अमेरिकेचा कायदा आहे. तिथली बर्बन व्हिस्की ओकच्या नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप बर्बनवाल्याच्या पुन्हा कामाचे नाही. मग ते स्कॉटलंडला तिथली व्हिस्की मुरवायला जाते, नाहीतर मधोमध कापून कोणाच्या तरी दारात फुले धरते. थोडक्यात, ज्या देशात सरकारी नियमानेच भंगार तयार होते, तिथली ही हौस आहे.

खान्देशी हौशी माणसाला जवळचा आधार नाशिकच्या वाइनरींचा. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने दीडशे किलोमीटरच्या आसपास गेले की ओकची पिंपे खरोखर डोळ्यांनी पाहायला मिळतात. त्यातले एखादे निवृत्त पिंप पदरात पडेपर्यंत चिकाटी सोडू नये. ते आणण्यासाठी छोटा हत्ती ठरवावा. चालक वाटेत दोनदा विचारील, “काय भो, यात काय भरणार?” पहिल्या वेळी खरे सांगावे. दुसऱ्या वेळी विषय बदलावा.

पायरी दुसरी: गच्चीवर चढवणे

वाइनचे नेहमीचे पिंप २२५ लिटरचे असते आणि रिकामे असतानाच ५० किलोच्या घरात भरते. अर्ध्या पिंपात ११० लिटर माती मावते. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलो धरले, तरी लाकडासह एका कुंडीचे १९० किलो होतात. म्हणजे तीन धडधाकट पाहुणे पावसाळाभर गच्चीच्या एकाच जागी उभे आहेत असे समजावे. घर स्लॅबचे असेल तर कुंडी मधोमध न ठेवता खालच्या भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवावी. घर जुने धाब्याचे असेल तर ही पायरी वगळावी, कारण मातीच्या छपरावर मातीचे पिंप चढवले की बाग एके दिवशी स्वयंपाकघरात उतरते.

पायरी तिसरी: कापणे

पिंपात खिळा नसतो आणि डिंकही नसतो. लाकडी फळ्या एकमेकींना रेटून उभ्या असतात आणि बाहेरचे लोखंडी पट्टे त्यांना आवळून धरतात. म्हणून कापण्याआधी प्रत्येक पट्टा फळ्यांना स्क्रूने बसवून घ्यावा. नाहीतर करवत अर्ध्यावर पोचताच फळ्या उमलतात आणि बाग लावण्याऐवजी सरपण रचावे लागते.

हे शास्त्र गावाकडच्या सुतार-लोहाराला शिकवायला जाऊ नये. बैलगाडीच्या बाभळीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती लालबुंद तापवतात, चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. धाव आक्रसते आणि चाक आवळले जाते. उन्हाळ्यात उलटे होते: लाकूड सुकते, धाव ढिली पडते, आणि जाणता गाडीवान चाके पाण्यात उभी करून ठेवतो. ओकच्या पिंपाचे दुखणे नेमके हेच आहे. वाइनरीच्या थंड तळघरात वाढलेले लाकूड खान्देशच्या उन्हात आठवडाभर कोरडे राहिले की फळ्यांमधून उजेड दिसू लागतो. उपाय एकच: अर्धे पिंप काठोकाठ पाण्याने भरून दोन-तीन दिवस ठेवावे, म्हणजे लाकूड फुगते आणि फटी मिटतात.

इथे मार्गदर्शन थोडे अडते, कारण नळाला आज पाण्याची पाळी नाही.

पाळी येईपर्यंतचे पर्यायी साहित्य

वाट पाहताना घरावर एक नजर टाकावी. खान्देशात झाड लावण्याची भांडी विकत घ्यावी लागत नाहीत, ती घरातच म्हातारी होतात.

यात पहिला मान तेलाच्या १५ किलोच्या पत्र्याच्या डब्याचा. १९४५ साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली; जग आज तिला विप्रो म्हणून ओळखते. जगाला तिचे संगणक आठवतात. खान्देशाच्या मनात मात्र तेलातुपाशी डबा आलाच, आणि रिकामा डबा फेकण्याचा प्रघात इथे नाही. आधी तो धान्याचा होतो, मग पाण्याचा, आणि तळ गंजून आपोआप भोके पडली की तुळशीचा. निचऱ्याची सोय करून देणारी दुसरी कुंडी अजून बाजारात आलेली नाही.

दुसरा क्रमांक कूलरच्या जुन्या टबाचा. टब उथळ असतो. मेथी, कोथिंबीर, पालक यांना तेवढी खोली पुरते. जुन्या कूलरचे गवत मात्र मातीवर आच्छादन म्हणून पसरू नये. बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यात उन्हाळाभर साचलेले असतात. वाळलेली केळीची पाने त्याहून बरी, आणि रावेर-यावलकडे ती फुकट आहेत.

तिसरा निळा ड्रम, २०० लिटरचा. तो भंगारातून घेताना आत पूर्वी काय होते ते विचारावे. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा असेल तर कितीही धुतला तरी भाजीसाठी घेऊ नये. बाहेरून चुन्याचा हात द्यावा, म्हणजे दुपारी मुळे शिजत नाहीत. एवढे करूनही ड्रम कापण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठ स्त्रीची परवानगी घ्यावी. ती मिळत नाही. ड्रम म्हणजे पाण्याचे चार दिवस, आणि त्याला करवत लावणाऱ्याकडे घरात ज्या नजरेने पाहतात तिचे वर्णन या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

पायरी चौथी: माती

कपाशीची काळी माती शेतात सोने असते. पिंपात तीच माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने बाहेर पडते; मालकाला वाटते झाड पाणी प्यायले, प्रत्यक्षात पाणी पितो तो खालचा मजला. म्हणून काळी माती एक भाग, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि भरड वाळू एक भाग असे मिश्रण करावे. गिरणेच्या वाळूला सध्या जी प्रतिष्ठा आहे ती पाहता तिच्याऐवजी विटांचा चुरा घेणे सुरक्षित. तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धत जुनी असली तरी त्याने निचरा वाढत नाही. मातीला जागा कमी उरते एवढेच.

पायरी पाचवी: काय लावावे

चित्रातली जांभळी फुले एप्रिलमध्येच मान टाकतील, म्हणून स्थानिक पिकांचा विचार करावा.

पहिला मोह केळीचा होतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून गच्चीवर एक तरी खोड असावे असे अनेकांना वाटते. ग्रँड नैनचे उतिसंवर्धित रोप आणावे, लावावे, आणि मग हिशेब करावा. भर उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे दहा दिवसांत एक झाड निळा ड्रम रिकामा करते, आणि घड हाती यायला साधारण वर्ष लागते. शिवाय मृगाआधीचे वादळ रावेरच्या बागाच्या बागा आडव्या करते. शेतकरी त्यासाठी बागेभोवती शेवरीचे कुंपण लावतो. चौथ्या मजल्यावर शेवरीला कुठे उभे करायचे, याचा निर्णय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत घ्यावा.

त्यापेक्षा भरिताचे वांगे बरे. जळगावच्या या फिक्या हिरव्या, पांढऱ्या रेषांच्या लठ्ठ वांग्यालाही २०१६ सालीच मानांकन मिळाले. यावल तालुक्यातले बामणोद त्यासाठी प्रसिद्ध आहे. अर्ध्या पिंपात दोन झाडे सुखाने राहतात. फक्त एक विसंगती लक्षात ठेवावी. खान्देशात वांगे आणि लाकडी भांडे यांची गाठ पूर्वापार पडते, पण शेवटी: कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजतात आणि लाकडी भांड्यात ठेचतात. वांग्याला सुरुवातीपासूनच लाकडी भांड्यात वाढवणे म्हणजे त्याला त्याचे भविष्य रोज दाखवणे होय.

पायरी सहावी: पाणी वाटणे

एकाहून अधिक कुंड्या असतील तर धुळ्याकडे पाहावे. पांझरा नदीवरची फड पद्धत काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी कोणी ओढून न्यायचे नाही. पाणी देतो पाटकरी, गुराढोरांपासून पीक राखतो जागल्या, आणि दोघांवर देखरेख हवालदाराची. गच्चीवर हीच व्यवस्था लावावी. पाटकरी नातू होईल, कारण त्याला पाण्याशी खेळायला हवेच असते. जागल्याचे काम माकडे आणि कबुतरे यांच्याविरुद्ध आजोबांना द्यावे. हवालदारपदासाठी निवडणूक घेऊ नये; ते पद घरात आधीच भरलेले असते.

यंत्राची आवड असणाऱ्यांनी विश्वेश्वरय्यांचे स्मरण करावे. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागलेल्या या तरुणाच्या अगदी सुरुवातीच्या कामांत पांझरेच्या एका पाटासाठी बांधलेला नळाचा सायफन होता. उंचावरच्या ड्रममधून रबरी नळीने सायफनचा घरगुती प्रयोग करता येतो. नळी तोंडाने ओढताना ड्रममध्ये शेवाळ नाही ना, एवढे पाहावे.

ठिबक हवे असेल तर जळगावकराला दूर जावे लागत नाही. भवरलाल जैन यांनी १९६३ साली ७,००० रुपयांच्या भांडवलावर रॉकेलचा धंदा सुरू केला, आणि पुढे त्यांच्याच जैन इरिगेशनने शेताशेतात ठिबकच्या नळ्या पोचवल्या. ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर पहाटे अर्धा तास चालला की वांग्याच्या झाडाला पुरे. अर्थात टाकीत पाणी असेल तर.

पायरी शेवटची, म्हणजे खरे तर तिसरी: भिजवणे

रात्री दोनला गल्लीतून हाक येते, “पानी उनं!” आधी स्वयंपाकघर भरते, मग टाकी, मग ड्रम, बादल्या, कळशा, कुकरसुद्धा. आणि मग अर्धे पिंप. भल्या पहाटे ते काठोकाठ भरलेले असते. फळ्या पहिल्या दिवशी पाझरतात, दुसऱ्या दिवशी फुगतात, तिसऱ्या दिवशी थेंबही गळत नाही. पाठ्यपुस्तकात चौथ्या दिवशी पाणी ओतून माती भरायची असते.

चौथ्या दिवशी ते पाणी ओतायला घरातले कोणीही तयार नसते. ११० लिटर म्हणजे दोन दिवसांची धुणी. शेजारची मावशी कठड्यावरून विचारते, “हाई काय शे?” उत्तर ऐकून ती एक कळशी मागते आणि नेते. पिंपावर झाकण येते, झाकणावर तांब्या येतो. आठवड्याने कोरडा दिवस पाळायला सांगणारी आरोग्यसेविका जिना चढून वर येते. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठवडाच घेतो, म्हणून ती पिंप तिच्यासमोर रिकामे करायला लावते. उरलेले पाणी तांब्या-तांब्याने कोपऱ्यातल्या तेलाच्या डब्याला घातले जाते. वाट पाहण्याच्या दिवसांत कोणीतरी त्यात भरिताच्या वांग्याचे एक रोप खोचून ठेवलेले असते. दोन उन्हांत पिंपाचे पट्टे पुन्हा ढिले होतात, आणि पुढच्या पाळीला ते पुन्हा भरले जाते.

असे दीड महिना चालते. पिंपात अजून माती पडलेली नसते. तेलाच्या डब्यातल्या वांग्याला मात्र तोवर पहिले फूल आलेले असते, जांभळे, थेट मोबाइलमधल्या चित्राच्या रंगाचे.