जमिनीखालचा साहेब

पाणीपुरवठा योजनेचे डिझाइन करणारा अभियंता आपले बहुतेक सगळे काम जमिनीखाली पुरून मोकळा होतो. वर दिसते ती टाकी, आणि तिचे श्रेय तिच्यावर ज्याच्या नावाची पाटी लागते त्याला जाते. पाइप एरवी दिसत नाही. तो फुटला की दिसतो, आणि गावाला डिझायनरची आठवण होते ती तेव्हाच. राज्यात या मंडळींचे मूळ पीठ म्हणजे १९७६ च्या कायद्याने आलेले पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ. १९९७ मध्ये त्याचे नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. आता मात्र यातले बरेच जण पुणे, नाशिक, नागपूर इथल्या खाजगी सल्लागार कंपन्यांत बसतात. कार्यालय कुठलेही असो, टेबलावर एक लॅपटॉप, एक गुंडाळी सोडलेला नकाशा आणि नकाशाचे टोक दाबून ठेवायला पाइपचा कापलेला तुकडा असतो. हा तुकडा पाइप कंपनीच्या प्रतिनिधीने दिवाळीच्या डायरीबरोबर दिलेला असतो.

या व्यवसायातले पहिले काम भविष्य सांगण्याचे. योजना तीस वर्षांसाठी करायची असते (पंप मात्र पंधराच वर्षांचे धरतात), त्यामुळे गावाची तेव्हाची लोकसंख्या आज काढावी लागते. ज्योतिषाला निदान जन्मवेळ तरी विचारावी लागते, डिझायनरचे काम जनगणनेच्या जुन्या आकड्यांवर भागते. समजा, गावात २००१ साली २००० माणसे होती आणि २०११ साली २३०० झाली. अंकगणिती पद्धतीने दर दशकाला ३०० वाढली, तर २०५१ मध्ये ३५०० होतात. भूमितीय पद्धतीने, म्हणजे दशकाला १५ टक्के वाढ धरून, ४०२२.७१ होतात. उरलेल्या ०.७१ ला पूर्ण माणूस करण्याचा अधिकार डिझायनरला आहे आणि तो ही संधी सोडत नाही. दोन उत्तरांत पाचशेहून अधिक न जन्मलेल्या माणसांचा फरक पडतो. कुठले उत्तर घ्यायचे हे पुष्कळदा पैसे किती मिळणार आहेत यावर ठरते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, तेव्हापासून या माणसाचा भूतकाळ २०११ ला संपतो आणि भविष्यकाळ २०५० च्या पुढे सुरू होतो. मधल्या काळाशी त्याचा संबंध पगारापुरता.

माणसे ठरली की पाणी ठरते. जलजीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर, भुयारी गटार असलेल्या शहरात १३५. वरच्या गावात ४०२३ गुणिले ५५ म्हणजे २,२१,२६५ लिटर. त्यावर गळतीचे १५ टक्के धरायचे. योजना सुरू झाल्यावर गळती १५ टक्क्यांवर थांबेल असे डिझायनरलाही वाटत नाही, पण यापेक्षा जास्त लिहायला तक्त्यात जागा नसते.

मग सर्वेक्षण. पूर्वी कनिष्ठ अभियंता महिनाभर गावात राहायचा, लेव्हल लावायचा, दुसऱ्या टोकाला पट्टी धरायला गावातलाच एक पोरगा असायचा, आणि दुपारचे जेवण सरपंचाकडे. आता टोटल स्टेशन आणि डीजीपीएस आहे. शिवाय घाई असेल तर गूगल अर्थ आहे, आणि घाई नेहमीच असते. उपग्रहावरून घेतलेल्या उंचीत दहा-दहा मीटरची चूक सहज पडते. त्याला आंब्याच्या झाडाचा शेंडाही टेकडी वाटू शकतो. या उंचीवर बेतलेला दाब पुढे दोन दशांश स्थळांपर्यंत काढला जातो. अनुभवी माणूस निदान टाकीच्या जागी तरी लेव्हल लावून घेतो. नवखा थेट टेंडर काढतो आणि टाकीचे खड्डे खणायला लागल्यावर गाव बघतो.

टाकीची जागा हा या व्यवसायातला सगळ्यात शिकवणारा विषय. शास्त्राप्रमाणे टाकी गावातल्या उंचवट्यावर हवी. उंचवट्यावर सहसा देऊळ असते, नाहीतर तिथला सातबारा चार भावांत अडकलेला असतो. ग्रामपंचायत ठराव करून जी जागा देते ती ओढ्याकाठची असते, कारण ती कुणालाच नको असते. एकमजली घराच्या नळाला सात मीटर दाब हवा, दुमजलीला बारा, असे १९९९ चे मॅन्युअल सांगते. केंद्राच्या सीपीएचईईओचे हे मॅन्युअल म्हणजे या धंद्याची पोथी. २०२४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती तीन भागांत आली, तरी पुष्कळ टेबलांवर जुनीच झेरॉक्स आहे. दाब तर सोडता येत नाही, मग टाकीचे पायच लांबवायचे. बारा मीटरचे स्टेजिंग वीस मीटरचे होते. टाकी इतकी उंच का, असे कुणी विचारले तर डिझायनर ‘हायड्रॉलिक रिक्वायरमेंट’ असे उत्तर देतो. चार भावांचे भांडण अहवालात लिहिता येत नाही.

पाइपचा व्यास हा त्याचा खरा आवडीचा भाग. गाव इंचात बोलते, अहवाल मिलीमीटरमध्ये लिहितो. कुणीतरी पुढारी बैठकीत म्हणतोच, ‘साहेब, चार इंची काढा, आठ इंची टाका, दुप्पट पाणी येईल.’ हेझन-विल्यम्स सूत्राप्रमाणे त्याच उतारावर व्यास दुप्पट केला तर पाणी दुप्पट येत नाही, सहापटीहून जास्त येते. हे सांगण्याचा मोह डिझायनरला आवरत नाही, आणि सांगितले की बैठकीत आठ इंचीचा ठराव होतो. विहिरीत पाणी तेवढेच आहे, हे वाक्य टाळ्यांत कुणाला ऐकू जात नाही. ऊर्ध्ववाहिनीचे, म्हणजे पंपाने पाणी वर टाकीत चढवणाऱ्या पाइपचे, गणित याहून नाजूक. पाइप लहान घेतला तर स्वस्त पडतो, पण घर्षण वाढते आणि विजेचे बिल वाढते. मोठा घेतला तर उलट. तीस वर्षांचे पाइप आणि वीज मिळून सगळ्यात कमी खर्च कुठे येतो तो व्यास धरायचा. गणित बिनचूक असते. ग्रामपंचायत तीस वर्षे वीजबिल भरेल, एवढेच त्यात गृहीत धरलेले असते.

गावभर पसरलेल्या वाहिन्यांचे गणित हाताने करण्याची रीत हार्डी क्रॉस या अमेरिकी प्राध्यापकाने १९३६ मध्ये दिली. जुने अभियंते ते कॅल्क्युलेटरवर आठवडाभर करत आणि उत्तर जुळले की कॅन्टीनमध्ये चहा पाजत. आता अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे एपानेट फुकट मिळते, आणि ग्रामीण योजनांसाठी आयआयटी मुंबईचे जलतंत्र आहे. पडद्यावर गाव रेघांचे होते, चौक ठिपक्यांचे. दाब कमी पडला की ठिपका लाल. डिझायनर रात्री उशिरापर्यंत व्यास बदलत बसतो, आणि शेवटचा लाल ठिपका निळा झाला की गावाला पाणी मिळाले असे समजून घरी जातो. मॉडेलमधल्या गावात कुणी थेट नळाला मोटर लावत नाही. तिथे सगळ्या नळांना तोट्या असतात, आणि लोक त्या बंद करतात.

प्रत्यक्षात पाणी दिवसाआड तासभर येते. मग सगळे गाव एकदम नळ सोडते, वरच्या आळीच्या मोटरी खालच्या आळीचे पाणी ओढतात, आणि दाब शून्याखाली गेला की गटारीतून गेलेला फुटका पाइप गटारीतले घेतो. सर्वांत जास्त वापराच्या वेळी सरासरीच्या तिप्पट मागणी धरायला मॅन्युअल लहान गावांसाठी सांगते. गाव याला तिप्पट म्हणत नाही, ‘पाणी आलं’ म्हणते.

डिझाइन झाले की दरडोई खर्च बसवावा लागतो. या खात्यात ‘बसवणे’ हे क्रियापद फार चालते. मर्यादेच्या वर गेलेला खर्च वरच्या कार्यालयाच्या मान्यतेला पाठवण्यापेक्षा तीन-चार गल्ल्यांतला पाइप एक साइज खाली आणणे सोपे असते. हे झाले की प्रस्ताव तांत्रिक मान्यतेला जातो आणि तिथून त्रुटींचे पत्र येते. पहिल्या पत्रात ग्रामसभेच्या ठरावावर सही नाही अशी त्रुटी असते, दुसऱ्यात उद्भवाच्या पाण्याचा तपासणी दाखला जुना झाल्याची, तिसऱ्यात पुन्हा ठरावाची, कारण मधल्या काळात सरपंच बदललेला असतो. हायड्रॉलिक गणितावर शंका फार क्वचित येते. ज्या दिवशी येते त्या दिवशी डिझायनर खूश होतो, कारण कुणीतरी ते पान उघडले.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले आणि २०२४ पर्यंत घरोघरी नळ द्यायचा ठरला (मुदत पुढे २०२८ पर्यंत गेली). त्या धामधुमीत डिझायनरने अहवाल लिहिणे सोडले आणि बदलणे सुरू केले. एका गावाचा अहवाल उघडायचा, नाव बदलायचे, आकडे बदलायचे, जतन करायचे. कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या गावाबद्दल ‘सदर गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून’ असे वाक्य सापडते ते याच काळातले. तपासणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही. त्याच्या मागच्या चाळीस अहवालांत ते असतेच.

मग खोदाई. पाइपवर एक मीटर माती हवी असे नकाशा सांगतो. अर्ध्या फुटावर कठीण खडक लागला की ठेकेदार म्हणतो, ‘इथं एवढंच बसतं.’ बिल खडकाचे निघते, पाइप मुरमात राहतो. पुढे वर्षभरात दुसऱ्या कुणाची केबल टाकायला जेसीबी येतो. जमिनीखाली काय आहे याचा खात्रीचा नकाशा नसल्याने पाइप शोधण्याचे काम बहुतेक ठिकाणी जेसीबीचा दात करतो. खोदणाऱ्याने आधी कळवावे म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणले. जेसीबीवाल्याचा रिवाज आधी खोदायचे आणि मग फोन करायचा असा आहे.

योजना चालू झाली की डिझायनरची जागा पाणी सोडणारा घेतो. त्याच्या खांद्यावर टी आकाराची लोखंडी चावी असते आणि डोक्यात अख्खे गाव. मधल्या आळीचा व्हॉल्व्ह साडेतीन आटे, देवळाकडचा पाच, शाळेचा दीड. गुरुजींची बदली झाल्यापासून एकच. डिझायनरने काढलेला झोनचा नकाशा त्याला कुणी दाखवलेला नसतो आणि त्यावाचून त्याचे अडतही नाही. दोघांची गाठ पडली तर संभाषण छोटे होते. ‘पाणी शेवटपर्यंत जातं का?’ ‘जातं की. वरच्यांचं बंद केल्यावर.’

घरी या माणसाला कुणी फारसे समजून घेत नाही. लग्न जमवताना ‘मुलगा पाण्याच्या पाइपलाइनचं करतो’ एवढेच सांगितलेले असते, म्हणून सासुरवाडीला गेले की बाथरूमचा गळका नळ त्याला दाखवतात. चाळीस किलोमीटरची ऊर्ध्ववाहिनी काढणाऱ्या या माणसाला वॉशर बदलता येत नाही, आणि हे त्याच्या पाहुण्यांना खोटे वाटते. सहलीला गाडीत बसला की तो डोंगर बघत नाही. टाक्या बघतो, टाकीच्या खांबांमधल्या आडव्या तुळया मोजतो, तीन-तीन मीटरने गुणून म्हणतो, ‘पंधराचं स्टेजिंग, दोन लाख लिटर असेल.’ मागच्या सीटवरची मुले कानात हेडफोन घालतात.

नोकरीची चढण ठरलेली. लेव्हल लावणारा नकाशे काढू लागतो, नकाशेवाला मॉडेल चालवू लागतो, मॉडेलवाला एक दिवस टीम लीडर होऊन फक्त फोन घेऊ लागतो. पंधरा वर्षे झाली की तो टेंडरमधला ‘पाइपलाइन तज्ज्ञ’ होतो, म्हणजे त्याचा बायोडाटा एकाच वेळी अनेक प्रस्तावांत काम करतो. कंपनीचे शुल्क बहुधा अंदाजपत्रकाच्या टक्केवारीवर असते, त्यामुळे काटकसरीच्या डिझाइनचे कौतुक होते पण पगारवाढ होत नाही. सरकारी खात्यातला डिझायनर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि पुढच्या महिन्यात सल्लागार कंपनीत सल्लागार म्हणून रुजू होतो. तिथे त्याच्यापुढे अनेकदा त्यानेच पंचवीस वर्षांपूर्वी केलेली योजना सुधारणेसाठी येते. नव्या अहवालात जुन्या योजनेतील उणिवा असे एक प्रकरण लागतेच. तो ते न अडखळता लिहितो: लोकसंख्येचा अंदाज चुकला, व्यास अपुरे, टाकीची जागा अयोग्य. खाली सही करतो, आणि शुल्काचा पहिला हप्ता कधी मिळणार ते लेखा विभागाला फोन करून विचारतो.