दात घासताना नळ बंदच आहे, साहेब

माननीय वीज-पाणी बचत सल्लागार साहेब यांस,


घरखर्च कमी करण्यासाठी आपण पत्रकात छापलेले सोपे उपाय तेलगावपर्यंत पोचले. दात घासताना नळ बंद ठेवावा, शॉवर सोडून बादलीने आंघोळ करावी, गाडी पाइपने धुऊ नये, एसी 24 अंशांवर ठेवावा, खोलीतून निघताना दिवा मालवावा. बीड–परळी रस्त्यावरच्या, धारूर तालुक्यातल्या या गावाच्या वतीने कळवण्यास आनंद वाटतो की यातल्या बहुतेक उपायांची अंमलबजावणी आपल्या सूचनेच्या कितीतरी आधी पूर्ण झाली आहे. इकडच्या गावांत नळाला वार असतो. त्यामुळे दात घासताना तो बंद असतो, भांडी घासताना बंद असतो आणि पुष्कळदा घागरी, टिपाडे मांडून बसले तरी बंदच असतो. धुण्याचे पाणी मोरीत सोडून देण्याची चैन इथे कोणी करत नाही. ते अंगणावर शिंपडले जाते, नाहीतर लिंबाच्या आळ्यात जाते. टंचाईत टँकर लागला की ग्रामीण भागासाठी सरकारी हिशेब माणशी रोज 20 लिटरचा. जलजीवन मिशनने 2019 साली माणशी 55 लिटरचे वचन दिले. जुन्या पद्धतीच्या फ्लशचे बटण एकदा दाबले की दहा-एक लिटर पाणी जाते. म्हणजे टँकरवर जगणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस आपल्या दोन बटणांत आटोपतो. तेव्हा काटकसरीच्या परीक्षेत तेलगाव उत्तीर्ण आहे, असे समजावे. प्रश्न एवढाच उरतो की इतकी काटकसर करूनही घरात पैसा का उरत नाही.

याचे उत्तर बिलाच्या कागदावरच छापलेले असते, फक्त ते आपल्या पत्रकात नसते. महावितरणचे 2024-25 चे घरगुती दर घेऊ. पहिल्या 100 युनिटांना 4.71 रुपये, 101 ते 300 युनिटांना 10.29, त्यापुढे 500 पर्यंत 14.55, प्रत्येक युनिटावर 1.17 रुपये वहन आकार. वापर असो वा नसो, महिन्याला सव्वाशेच्या पुढे स्थिर आकार. आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. पुढे दर थोडे बदलले, पण ठेवण तीच राहिली. आता एक दिवा, एक पंखा, एक टीव्ही एवढ्यावर महिन्याला 40 युनिट जाळणारे घर घ्या. त्याचे बिल, इंधन समायोजन वगैरे सोडून, सव्वाचारशेच्या आत-बाहेर येते. या घराने आपले ऐकून वापर पाव भागाने कमी केला, म्हणजे 10 युनिट वाचवले, तर बिलातून वाचतात 68 रुपये, जेमतेम सहावा हिस्सा. दुसरीकडे 320 युनिट जाळणारे घर घ्या. त्यानेही पाव भाग, म्हणजे 80 युनिट वाचवले, तर 3,850 च्या बिलातून साडेअकराशेच्या वर वाचतात, तीस टक्के. टक्केवारीच्या भाषेत काटकसर दोघांची सारखीच. पण मोठ्या घराने एसीचे बटण फिरवले आणि तीस टक्के मिळवले, लहान घराने उकाड्यात पंखा बंद करून घाम पुसला आणि सोळा टक्के मिळवले. आपला सल्ला खोटा नाही, साहेब. त्याचा पत्ता चुकला आहे. तो 300 युनिटांच्या पुढच्या घरासाठी लिहिलेला होता आणि पोस्टमनने तो 40 युनिटवाल्याच्या दारात टाकला.

बचतीचा कळस पाहायचा असेल तर आपण हिवाळ्यात यावे. तेलगावच्या पंचक्रोशीतून, तसेच धारूर, वडवणी, केज या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, बाहेर पडतात. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी कुठल्यातरी कारखान्याच्या आवारात कोपी बांधून पाच-सहा महिने ऊस तोडते. इकडे घराला कुलूप. दिवा नाही, पंखा नाही, मोटार नाही. शंभर टक्के वीजबचत. याहून मोठा बचतकर्ता आपल्याला कुठल्या पत्रकात सापडेल? या बचतीबद्दल त्या घराला सहा महिन्यांचा स्थिर आकार शुल्कासह आठ-नऊशे रुपयांच्या घरात जातो. कुलपामुळे मीटरचे वाचन झाले नाही तर सरासरीचे बिल येते आणि ते दुरुस्त करून घेण्यात परत आल्यावरची एक-दोन दिवसांची मजुरी बुडते. आपण म्हणाल, दारिद्र्यरेषेखालच्या जोडणीला वेगळा, कमी दर आहे. आहे खरा. पण त्याला वर्षाला 360 युनिटांची मर्यादा आहे, आणि ज्याचे नाव यादीत नाही त्याची गरिबी महावितरणला दिसायची सोय नाही. आपण असेही म्हणाल की तारा, खांब, रोहित्रे कुलूप लावलेल्या घरासाठीही उभी असतात, त्यांचा खर्च कोणी भरायचा? आक्षेप योग्य आहे. खांब फुकट उभे राहत नाहीत. पण मग आपण सांगावे ते असे, की बिलाचा एक भाग वापराचा आणि एक भाग खांबाचा. खांबाच्या भागावर तुमच्या काटकसरीचा काही उपयोग नाही. हे एक वाक्य पत्रकात असते तर पत्रक प्रामाणिक झाले असते.

पाण्याची गोष्ट याहून विचित्र आहे. पाण्यावरचा खर्च पाण्यामुळे होत नाही, ते कधी येईल हे ठाऊक नसल्यामुळे होतो. नळाचा भरवसा नाही म्हणून टाकी, टाकी भरायला मोटार, मोटारीला पाणी नाही म्हणून बोअर, बोअरचे पाणी जड म्हणून प्यायला जार. एकेक आकडा पाहू. शंभर मीटर खोलीवरून हजार लिटर पाणी वर काढायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाव युनिटाच्या थोडी वर वीज लागते; घरगुती मोटारीची कार्यक्षमता धरली तर पाऊण युनिट समजा. 101 ते 300 युनिटांच्या टप्प्यातली वीज वापरली तरी हजार लिटरला दहा रुपये पुरतात. तेच हजार लिटर वीस लिटरच्या जारने घ्यायचे आणि जार वीस रुपयांना धरायचा, तर हजार रुपये. शंभर पट. शिवाय जारचे पाणी आरओचे. ते शुद्ध करताना बरेच पाणी वाया जाते. म्हणजे पाण्याची उधळपट्टी शोधायचीच असेल तर ती जार घेणाऱ्या घराच्या मोरीत सापडणार नाही, जारच्या कारखान्यामागच्या गटारीत सापडेल. पत्रकाच्या चित्रात मात्र नळ उघडा ठेवून गप्पा मारणारी बाईच असते.

इथे आपले सहकारी एक जोरदार मुद्दा मांडतात, आणि तो टाळून चालणार नाही. लोक पाणीपट्टी भरत नाहीत, म्हणून ग्रामपंचायतीकडे योजनेच्या पंपाचे वीजबिल भरायला पैसे नसतात, थकबाकी वाढली की जोडणी तुटते, आणि पाणी बंद पडते. हे खरे आहे. रोज एक जार घेणारे घर वर्षाला सात हजारांच्या वर पैसे देते. पाणीपट्टी हजार-बाराशे धरली तरी ती दोन महिन्यांच्या जारच्या पैशांत भागते. तरीही जारवाल्याचे पैसे वेळेवर जातात आणि ग्रामपंचायतीचे तुंबतात. याला लोकांचा आडमुठेपणा म्हणणे सोपे आहे, पण माणूस व्यवहार पाहतो. जारवाला जार उतरवतो आणि पैसे मागतो. पंचायत वर्षाचे पैसे मागते आणि पाण्याचा वार सांगत नाही. दोघांपैकी कोणाला आधी द्यावे, हे चार बुके न शिकलेल्यालाही कळते. पाणीपट्टी जर पाणी आलेल्या दिवसांच्या हिशेबाने घेतली आणि आलेले दिवस चावडीच्या फळ्यावर लिहिले, तर वसुली वाढेल असे माझे मत आहे. निदान ती न वाढण्याचे कारण तरी फळ्यावर दिसेल.

थेंबे थेंबे तळे साचे, हा आपला पुढचा युक्तिवाद. तळे इथून जवळच आहे. सिंदफणा नदीवरच्या माजलगाव धरणाचा उपयुक्त साठा 312 दशलक्ष घनमीटर. त्यात पैठणच्या उजव्या कालव्यानेही पाणी येते. हे पाणी पिते मुख्यतः शेत, आणि शेतात ऊस. तेलगावलाच साखर कारखाना आहे, लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा, तेव्हा उसाविरुद्ध बोलणे म्हणजे इथल्या चुलीविरुद्ध बोलणे, हे मी जाणतो. ऊस बंद करा असे मी म्हणत नाही. फक्त प्रमाण पाहा. पाटाने भिजवलेल्या एकरभर उसाला ढोबळ हिशेबाने 80 लाख लिटर पाणी लागते; ठिबकने त्यातला तिसरा हिस्सा तरी वाचतो. वाचलेल्या पाण्यातले 25 लाख लिटर धरले तरी माणशी 55 लिटरने सव्वाशे माणसांचे वर्षभराचे पाणी झाले. एका एकरात. आणि पाणी नसले की वीजही नसते, हे आमच्याच बीड–परळी रस्त्याने पुढे गेल्यावर कळते: 2015 च्या जुलैत परळीच्या औष्णिक केंद्राचे संच थंड पडले, कारण पाणी संपले होते. एवढे मोठे तळे साचवण्याची जबाबदारी दात घासणाऱ्याच्या तांब्यावर टाकणे जरा जास्तच होते.

मग घराने काहीच करू नये काय? असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण खरोखर पैसा वाचवणारे उपाय आहेत आणि ते आपल्या यादीतल्या उपायांपेक्षा कितीतरी ताकदीचे आहेत. छताचे पाणी घ्या. पाचशे चौरस फुटांचा स्लॅब, दुष्काळी वर्षाच्या अंदाजाने 500 मिलिमीटर पाऊस, वीस टक्के तूट. तरी अठरा हजार लिटर पाणी हाती लागते. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज 50 लिटर धरले तर वर्षाची गरज जवळपास तेवढीच. जारचे सात हजार रुपये वाचले! पण ते पाणी पडते चार महिन्यांत आणि प्यायचे असते बारा महिने, म्हणून बारा हजार लिटरचा हौद हवा, गाळणी हवी, आणि मुळात स्लॅब हवा. जुन्या घराच्या माळवदावरून पांढऱ्या मातीचे पाणी येते, ते हौदात घेऊन काय करणार? पंख्याचेही तसेच. साधा पंखा 75 वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात. पण त्याची किंमत साध्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि 100 युनिटांच्या आतल्या घरात त्याचा पैसा वसूल व्हायला मोठ्या घरापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. यातला प्रत्येक उपाय आधी विकत घ्यावा लागतो. बचत ही वस्तू रोखीने मिळते आणि ज्याला ती सर्वांत जास्त हवी त्याच्याकडे रोख नसते. सल्ल्याने ही गाठ सुटत नाही. सुटलेली कोणी पाहिली असल्यास कळवावे.

ती सुटल्याची उदाहरणे सरकारच्याच दप्तरात आहेत, हे आपल्या खात्याच्या बाजूने नोंदवतो. 2015 साली उजाला योजनेत एलईडी दिवे वाटले, तेव्हा काही राज्यांत गिऱ्हाइकाने दहा रुपये हातावर ठेवायचे आणि उरलेली किंमत वीजबिलातून हप्त्याने फेडायची अशी सोय होती. दिवा पोचला, आणि तो स्वतःच्या बचतीतूनच फिटला. ‘दिवा मालवा’ असे शंभर वेळा सांगून जे साधले नसते ते दहा रुपयांच्या हप्त्याने साधले. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे तीस हजारांचे अनुदान आले. पण एक किलोवॅट महिन्याला सव्वाशेच्या जवळ युनिट देतो आणि 40 युनिटवाल्या घराला त्यासाठी उरलेली रक्कम उभी करणे परवडत नव्हते. पुढच्या वर्षी राज्याने 100 युनिटांच्या आतल्या घरांसाठी जास्तीचे अनुदान काढले, हे बरे केले. यातून दिसते एवढेच की ज्या दिवशी शासनाने सल्ल्याऐवजी भांडवल दिले त्या दिवशी काम झाले. पंखा इकडे अजून वीजबिलातून फेडायच्या हप्त्यावर मिळत नाही. हौदाला घरकुलासारखे अनुदान नाही. सहा महिने कुलूप असलेल्या घराला अर्ज करून स्थिर आकार थांबवता येईल अशी सोपी वाट नाही.

तरी आपल्या पुढच्या पत्रकात उपाय थोडे कमी छापावेत आणि मागच्या पानावर हप्त्याचा अर्ज जोडावा, ही विनंती. अर्जाची मुदत मात्र गुढीपाडव्यानंतरची ठेवावी. त्याआधी तो भरून द्यायला इकडच्या बऱ्याच घरांत माणूस सापडणार नाही.



आपला,
स्थिर आकार नियमित भरणारा एक ग्राहक
मु. पो. तेलगाव, जि. बीड