फुली नंबर दोन

तारकर्लीत लोखंडाचं वय पावसाळ्यांवर मोजतात. ‘ही बिजागरी दोन पावसाळ्यांची’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा मान हलवतो; तिचं पुढे काय होणार, ते दोघांनाही ठाऊक असतं. एका अंगाला समुद्र, देवबागकडे निघालो की दुसऱ्या अंगाला कर्लीचं पात्र, मधे माड आणि माणसं कशीबशी मावतील एवढी जमीन. वारा कुठूनही आला तरी रिकाम्या हाताने येत नाही, मीठ घेऊन येतो. सायकलची चेन, पंख्याची जाळी, फाटकाची कडी सगळं तो खातो, आणि इतकं सावकाश खातो, की घरच्याच माणसाला जेवताना टोकू नये तसे आपणही गप्प राहतो. अशा गावात राहून स्क्रू-ड्रायव्हरचं ‘टिकाऊ’ बिट शोधायला मालवणच्या बाजारात जाणं, यात थोडा भाबडेपणा आहे हे मान्य करूनच मी जातो.

शहरात बिट लागतं ते आवळायला. कपाट आलं, स्क्रू बसले, विषय संपला. पुन्हा त्या स्क्रूचं तोंड कोण बघतो? इथे बिट घ्यायचं ते उघडायला. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, पाण्यावरचे खेळ तर थेट ऑगस्ट संपेपर्यंत बंद. त्यामुळे मे महिना उतरू लागला की किनाऱ्यावर आवराआवर सुरू होते. होड्या वर ओढतात, इंजिनं उतरवतात, न्याहारी-निवासांच्या पाट्या, अंगणातले दिवे, झोपाळ्याचे आकडे निघून आत जातात. पर्यटकांनी समुद्राची गाज ऐकलेली असते. मेअखेरची ती दुसरी गाज, घरोघर गंजलेल्या स्क्रूंची कुरकुर, त्यांच्या कानावर सहसा पडत नाही. आवळताना कुठलंही बिट शहाणं वाटतं. त्याची खरी जात कळते ती गेल्या सप्टेंबरात बसवलेला स्क्रू मे महिन्यात मागे फिरवताना.

बाजारातल्या दुकानात काउंटरवर शंभर नगांचा डबा उघडून ठेवलेला असतो. झाकण उघडताच चकाकत्या रांगा दिसतात आणि मनुष्य मोहात पडतो. चपटी, फुलीची, सहा पाकळ्यांची, तीन पंखांची, मधे भोक असलेली, सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली. यातली निम्मी बिटं जन्मात कुठल्या स्क्रूला भेटणार नाहीत, तरी डब्यात त्यांचं बस्तान पक्कं. दुकानदार माझा मोह ओळखून असतो. “होया तां सांगा,” तो म्हणतो, “शंभरातली दोनच वापरतत सगळे.” त्या दोनांतलं एक फुली नंबर दोन, ज्याच्या अंगावर ‘पीएच 2’ कोरलेलं असतं. जगातले बरेचसे स्क्रू याच एका मापाशी संसार करतात. मग तो खालच्या खणातून सुटी बिटं काढतो, दिसायला काळपट, किमतीला चढी, आणि मी ती उजेडाकडे धरून बघू लागतो.

बघायचं असतं ते टोक. हलक्या बिटाच्या चारही पाकळ्या वितळून थिजल्यासारख्या दिसतात, कडा बोथट, खाचा कमीजास्त. चांगल्याच्या कडा नखाला लागतात आणि चारही खाचा एका खोलीच्या असतात. पोलादाचं नावही वाचावं: क्रोम-व्हॅनेडियम बरं, ‘एस-टू’ त्याहून बरं, कारण ते धक्का सोसण्यासाठीच घडवलेलं पोलाद आहे. अर्थात ‘एस-टू’ अशी अक्षरं कोरायला एस-टूच लागतं असं नाही, म्हणून डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवावी. नुसता कडकपणाही कामाचा नाही. फार कडक बिट एके दिवशी टचकन तुटतं, फार मऊ बिट पिळवटून निघतं. म्हणून यंत्रावर चालवायच्या चांगल्या बिटांची कंबर मधे बारीक ठेवलेली असते. झटका बसला की ती किंचित वळते, टोकाला सांभाळते आणि पुन्हा सरळ होते. पन्नास मिलिमीटरच्या आत इतका समजूतदारपणा बसवणाऱ्या कारागिराला बघून नमस्कार करावासा वाटतो.

फुलीचा हा स्क्रू अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखला जातो. मूळ कल्पना दुसऱ्याची, जॉन थॉम्पसन यांची. ती फिलिप्सनी विकत घेतली, सुधारली आणि 1936 च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यात नेली. या फुलीच्या भिंती उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की बिट आपोआप वर ढकललं जातं. धावत्या कारखान्यात ते सोयीचं, स्क्रू तुटण्याआधी बिट सुटतं. कॅनडाच्या रॉबर्टसन यांनी त्याआधीच, 1909 साली, चौकोनी खाचेच्या स्क्रूचं पेटंट घेतलं होतं. तो सहसा घसरत नाही, तरी फिरलं जगभर ते घसरणारंच. तारकर्लीत त्यात आणखी एक गुंता आहे. होड्यांवरची बरीच इंजिनं जपानी, आणि जपानी फुली दिसायला सख्खी असली तरी मापाने चुलत. तिच्या डोक्यावर बहुधा एक बारीकसा ठिपका असतो. त्या ठिपक्याकडे दुर्लक्ष करून फिलिप्सचं बिट लावलं की ते पुरतं टेकत नाही, आणि दोन गिरक्यांत खाचेची वाटी होते. शेजारचे होडीवाले आबा चष्मा कपाळावर सरकवून आधी तो ठिपका बघतात. “हेका आपला बिट चलाचा नाय,” म्हणतात आणि उठून खरंच दुसरं आणतात.

लहानपणी आमच्याकडे दारं दुरुस्त करायला येणाऱ्या मेस्त्रींकडे बिटं नव्हती, लाकडी मुठीचा एकच चपटा स्क्रू-ड्रायव्हर होता. नव्या स्क्रूवर तो टेकवण्याआधी ते कानस काढून त्याचं टोक खाचेच्या रुंदीला घासून घेत. आम्हा मुलांना तो वेळकाढूपणा वाटे. पितळी स्क्रू बसवून झाले की ते शेवटची पाव गिरकी जपून देत, सगळ्या खाचा उभ्या एका रेषेत येईपर्यंत. विचारलं तर सांगत, “पानी उभ्यात रवना नाय.” खाच उभी असेल तर पाणी आणि मीठ खाली ओघळतं, आडवी असेल तर तिच्यात साचतं. शास्त्र किती आणि नजरेचा नेटकेपणा किती, ते त्यांनाच ठाऊक. त्या बिजागऱ्या हिरवट पडल्या आहेत, पण स्क्रू अजून निघतात.

गंजलेला स्क्रू काढण्याचा विधी मात्र घाईच्या माणसाचा नाही. आधी दाभणाने खाच कोरून स्वच्छ करायची, मग तेल सोडायचं आणि रात्रभर त्याला विचार करू द्यायचा. सकाळी बिट टेकवून मागून हातोडीचे दोन हलके ठोके. मग उघडण्याआधी तो किंचित आवळायचा. पाहुण्यांना हे उलटं वाटतं, पण गंजाची पकड पहिल्यांदा मोडते ती तिथेच. इंजिनाच्या ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू असेल तर प्रकरण आणखी नाजूक. खाऱ्या पाण्यात दोन धातूंचं पटत नाही, ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि स्क्रू जागच्या जागी चिणला जातो. यात बिटाचा टिकाऊपणा बिचारा मधल्यामधे भरडला जातो. त्यात ते चुंबकी असेल आणि हातातून वाळूत पडलं, तर उचलताना त्याला काळ्या रेतीची बारीक दाढी फुटलेली असते. ती पुसल्याशिवाय ते खाचेत बसत नाही, आणि शर्टाला पुसलं तर घरी बोलणी. शिवाय एस-टू स्वतः काही स्टेनलेस नव्हे. तेलाचं बोट न लावता ठेवलं, तर गंज काढायला आणलेलं बिट गंजून बसतं.

मालवणात नटबोल्ट हा शब्द आता नुसत्या थट्टेत घेता येत नाही. राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023 ला झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. त्याचे नटबोल्ट गंजल्याचं बांधकाम खात्याचं पत्र काहीच दिवस आधी गेलेलं होतं. तिथून समोर दिसतो तो सिंधुदुर्ग. 1664 मध्ये त्याच्या पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं होतं. आणि याच किनाऱ्यावर रापणीच्या जुन्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. फळी सैल झाली तर सोडायची, पुन्हा शिवायची. स्क्रू नाही, बिट नाही, मे महिन्याची कुरकुर नाही.

चांगलं बिट झिजून मरतं असं मात्र मी फारसं पाहिलेलं नाही. ते जातं मागून नेल्यामुळे. 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळाने छपरं उडवली, तेव्हा पत्र्याच्या स्क्रूंचं आठ मिलिमीटरचं पोकळ तोंडाचं बिट वाडीभर फिरत होतं. आज ते कुणाकडे आहे हे कुणी सांगू शकणार नाही, पण छपरं शाबूत आहेत. फुली नंबर दोनची तीच गत. “वायंच देशात?” असं कुंपणावरून कुणी विचारलं, की एस-टू असो की आणखी काही, ते जाणारच. दुकानदाराला याचा अंदाज असतो. सुटं एक मागितलं तर तो दहाचं पाकीट पुढे सरकवतो, आणि मीही आता घासाघीस करत नाही: चार घरात, सहा वाडीला.