आधी खोली ऐका

नवा ॲम्प्लिफायर घरात आला की पहिले चार दिवस मालक गाणं ऐकतच नाही, ॲम्प्लिफायर ऐकतो. पाचव्या दिवशी त्याला स्पीकर कमी पडायला लागतात.

स्पीकर आले की डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचं ॲनालॉग संकेतात रूपांतर करणारी डबी, हवी. डॅक आली की केबल हवी. केबल झाली की कुणीतरी सांगतं, घरात येणारी वीजच शुद्ध नाही! ही साखळी हप्ते फिटल्यावर तरी थांबते का? उलट, हात मोकळा झाला म्हणून तिथूनच पुढची सुरू होते.

दुकानात दोन ॲम्प्लिफायर आळीपाळीने लावतात. दुसरा सरस वाटतो, महागही तोच असतो. बहुतेक वेळा तो केसभर मोठा वाजत असतो, इतकंच. डेसिबलभराचा फरक 'आवाज वाढला' असा जाणवत नाही, 'गाणं खुललं' असा जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की, आवाजाची पातळी बदलली की खर्ज कानाला किती भरतो, तेही बदलतं. तेव्हा दुकानदाराला सांगा, दोन्हींची पातळी मोजून सारखी करा, मध्ये पडदा लावा आणि मग वाजवा.

पडदा लावायला कोण तयार होतं, ते बघा.

वॉटची गंमत याहून मोठी. ५० वॉटचा काढून १०० वॉटचा घेतला, तर वाढतात फक्त तीन डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर शक्ती साधारण दहापट लागते. म्हणजे ५०० वॉट. खालच्या मजल्यावरच्यांना विचारलंत?

मग येतं 'हाय-रेझ', म्हणजे सीडीपेक्षा बारीक मापाचं ध्वनिमुद्रण. सीडी १९८२ साली बाजारात आली, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन. आता ते म्हणे अपुरं. मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली याची परीक्षा प्रसिद्ध केली. उच्च दर्जाची तबकडी एकदा सरळ, एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवली आणि ओळखायला सांगितलं. ५५४ खेपांत बरोबर उत्तरं आली २७६. नाणं उडवूनही एवढीच आली असती.

आणि कान? पन्नाशी-साठीच्या कानांना १५ किलोहर्ट्झच्या वरचं सहसा ऐकू येत नाही. लाखाची सिस्टीम परवडते नेमकी त्याच वयात.

सगळीच खरेदी वाया जाते, असं नाही. झिजलेली सुई रेकॉर्ड खरवडते, ती आजच बदला. स्पीकर-स्पीकरमध्ये फरक असतो, तोही खरा. पण तो स्पीकर तुम्ही ठेवता कुठे? टीव्हीशेजारी, शोकेसच्या कोनाड्यात, कोपऱ्याला चिकटवून! खाली गुळगुळीत टाइल्स, समोर बाल्कनीची काच, छताला फॉल्स सीलिंग. टाळी वाजवली तर हॉल उलट टाळी देतो.

अशा हॉलमध्ये तुम्ही स्पीकर कमी आणि भिंती जास्त ऐकता. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतीशी बसलात तर तो फुगतो, खोलीच्या मधोमध बसलात तर जवळजवळ गायब होतो. तबल्याचा बायां एका खुर्चीत ढोलासारखा आणि शेजारच्या खुर्चीत मुका. यावर नवी केबल काय करणार?

स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. जाड पडदा लावा, सतरंजी अंथरा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट ठेवा. खर्च किरकोळ, फरक घरातल्या कुणालाही कळेल इतका. तरीही हे कुणी करत नाही, कारण सतरंजीला मॉडेल नंबर नसतो.

आणि खुद्द गाणं? व्हॉयेजर यानांसोबत १९७७ साली जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची, ७८ आरपीएमच्या जमान्यातली. आजच्या कुठल्याही मोजमापात ते ध्वनिमुद्रण नापास होईल. पण तो आवाज लागतो तेव्हा अंगावर काटा येतो, स्वस्तातल्या स्पीकरवरसुद्धा येतो. ज्याला त्यात फक्त खरखरच ऐकू येते, त्याला कोणती डॅक केसरबाई ऐकवणार आहे?

तेव्हा पुढच्या वेळी केबलसाठी पैसे बाजूला काढलेत, की ते दुकानात नेऊ नका. तुमच्याच शहरात गाणारी, वाजवणारी तरुण मुलं-मुली आहेत, त्यांना श्रोते हवे आहेत. एकीला सन्मानाने बिदागी द्या, घरी बोलवा, वीस-पंचवीस माणसं जमवा. सतरंजी अंथरलेलीच असेल.

माइक लावू नका.