दगडांचे वकील

मराठीत दगड ही शिवी आहे, हे आमच्या शेजारच्या अप्पांचं जुनं दुखणं. कॉलेजात 34 वर्षं भूशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून दगडांची वकिली फुकटात करतात.

तळमजल्यावरच्या काकू परवा जिन्यात सासऱ्यांबद्दल बोलत होत्या. "दगडाला का कधी पाझर फुटतो?" अप्पा दोन पायऱ्या उतरून परत आले. "फुटतो की! सांधे असतात, भेगा असतात. तुमच्या माहेरच्या विहिरीला पाणी येतं कुठून?" सासरे बाजूलाच राहिले.

'दगडापेक्षा वीट मऊ' हीसुद्धा त्यांच्या लेखी एकतर्फी साक्ष. वीट म्हणजे भाजलेली माती. पृथ्वीही पोटात तेच करते. मकराण्याचा संगमरवर आधी साधा चुनखडक होता. दाबला गेला, तापला आणि थेट ताजमहालाला लागला.

आमच्या वास्तुशांतीला लोक कार्पेट एरिया विचारत होते. अप्पांनी स्वयंपाकाच्या ओट्यावरून हात फिरवला, खिशातलं भिंग काढलं आणि म्हणाले, "ग्रॅनाइट म्हणून दिलाय ना? गॅब्रो आहे." मी पैसे ग्रॅनाइटचे मोजले होते. बायकोने माझ्याकडे पाहिलं. अप्पा आपले समजूत घालताहेत, "वाईट नाही हो! लाव्हा बाहेर येऊन झटपट थिजला की बारीक दाण्याचा बसाल्ट, तोच रस जमिनीच्या पोटात सावकाश थिजला की हा. कूळ एकच, वाढवलं कसं त्याचा फरक."

त्यांना घेऊन सहलीला मात्र जाऊ नये. वाईहून महाबळेश्वर तासाभराचं. आम्हाला चार तास लागले. दर वळणावर "थांबवा, थांबवा!" ड्रायव्हरला वाटलं, म्हाताऱ्यांना गाडी लागते. त्याने प्लास्टिकची पिशवी पुढे केली. अप्पांनी तीत दगड भरले. कड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा एक लाव्हा, त्यावर हा दुसरा. साडेसहा कोटी वर्षं झाली." माथ्यावर मात्र तांबडा जांभा. तोही मुळात बसाल्टच. पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं. हाच कातळ देशावर कुजला की आधी मुरूम आणि मग कपाशीची काळी माती. हे ऐकताना आमची स्ट्रॉबेरी गाडीतच मऊ पडली.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी टेबलावर मूठ आपटली. "दिवाळीच्या आत लिफ्ट सुरू होणार. काळ्या दगडावरची रेघ!"

अप्पा उभे राहिले. "कुठला काळा दगड? बसाल्ट असेल तर त्याची माती होते. रेघ राहील कशावर?"

सभा हसली. दिवाळी झाली, होळी झाली. काल चौथ्या मजल्यावर धापा टाकत मी अप्पांना म्हटलं, "तुमचंच खरं ठरलं."

अप्पा कठड्याला टेकून भिंग पुसत होते. म्हणाले, "छे, छे. दगड इतक्या लवकर विरघळत नाही."