घासलंत का?

आमच्या नाणेकाकांच्या हातात लग्नाचं आहेराचं पाकीट पडलं की वेळ गेलाच म्हणून समजा. पाकिटाला चिकटवलेला रुपया ते आधी भिंगातून बघतात. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. पाकिटात काय घातलंय याची चौकशी नाही!

कुणी राणीछाप रुपया घेऊन आलं की ते किंमत सांगत नाहीत. विचारतात, "घासलंत का?"

घासलेला असतोच. लक्ष्मीपूजनाला रांगोळीनं घासून लखलखीत केलेला तो रुपया बघून काका हळहळतात. वर चढलेला काळपट थर गेला की संग्राहक तोंड फिरवतो. भोकाचा पैसा आला तर त्याला चिंच लागलेली असते. परवा लग्नात फेशियल केलेला नवरदेव स्टेजवर चमकताना पाहून काका माझ्या कानात म्हणाले, "घासलाय."

मग हिशेब. "1862 लिहिलंय म्हणून हुरळू नका. ते साल 1874 पर्यंत तसंच पाडत होते." म्हणजे नाणी उदंड. मुकुट आणि केस सपाट झाले असतील तर उरते फक्त चांदीची किंमत: नाण्याचं मूळ वजन 11.66 ग्रॅम, त्यातून झीज वजा. 1911 चा रुपया मात्र घासलेला असला तरी काका खुर्चीतून उठतात. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती त्यात डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि 1912 मध्ये टाकसाळीला हत्ती सुधारावा लागला.

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना वैष्णोदेवीच्या छापाच्या पाच रुपयांच्या नाण्याचे दहा लाख देतो म्हणणारा फोन आला, तेव्हा त्यांनी काकांना विचारलं नाही. आधी 'नोंदणी शुल्क' भरलं. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच असल्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. पण लाखांचा आकडा कानावर पडला की सूचना वाचतो कोण? शेवटी नाणं काकांकडे आलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट केलं आणि निकाल दिला, "पाच रुपये. आणि घासू नका, घासलं तरी पाचच."

मी वैतागतो खरा. पण मागे त्यांनी कपाटातून एक शिवराई काढली. 'श्री राजा शिव' मधलं 'शिव' तेवढं चाचपून लागत होतं. बाजारात हिला कोण विचारतो? "विकणार नाही," ते म्हणाले. "हिला चिंच नाही लागलेली. भाजीवाल्या, हमाल, शेतकरी, सगळ्यांच्या बोटांनी घासलीय." एवढं बोलून डबी बंद केली. डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याची झीज सांगितली तेव्हाही एवढंच म्हणाले होते, "वापरातला आहे, चालायचंच."

तुमच्याकडे जुना रुपया असेल तर सराफाआधी काकांना दाखवा. फी घेत नाहीत. फक्त दुपार मोकळी ठेवून जा, आणि रांगोळीचा डबा घरीच राहू द्या.