व्हीएक्सआय बघ!

सेकंडहँड गाडी घ्यायचं तुमच्या मनात आलं की बायकोच्या आधी ते सोसायटीतल्या काकांना कळतं. बजेट चार लाख सांगा नाहीतर आठ, एसयूव्ही म्हणा नाहीतर सेडान, काका सगळं ऐकून घेतात, बशीतला चहा संपवतात आणि म्हणतात, "वॅगनआर बघ. पेट्रोल. व्हीएक्सआय."

एलएक्सआय का नको? "मागच्या काचा पोरं हातानं फिरवत बसणार?" मग झेडएक्सआय? "जेवढी बटणं जास्त, तेवढी बिघडायला जागा." सनरूफचं नाव काढलंत तर काका चष्मा काढून पुसायला घेतात. एअरबॅगवर मात्र तडजोड नाही. "जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची सक्तीची झाली. शेजारची सगळ्या नव्या गाड्यांना यायला २०२२ उजाडलं. शेजारी बसतं कोण?" काकू आतून विचारतात, "काय म्हणालात?"

गाडी बघायला जाताना काकांच्या खिशात फ्रिजवरचं महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीचं मॅग्नेट असतं. ते दारांवरून फिरवायचं. चिकटलं नाही तर खाली पुट्टी. मग गुडघे धरत, "आई गं" म्हणत टायरशी बसायचं आणि कडेचे चार आकडे वाचायचे. "१४२२. म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर अठ्ठावीस हजार, आणि टायर तीन वर्षांतच बदलले?" एजंट गप्प.

शेवटी सीटबेल्ट. तो पार टोकापर्यंत ओढून काका चक्क त्याचा वास घेतात. टोकाला मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली, हा त्यांचा सिद्धांत. एमएच ०९ किंवा एमएच १० पाटी असली की २०१९ चा महापूर आठवून ते चारही बेल्ट दोनदा ओढतात.

"काका, डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर," एजंट कळवळून म्हणतो.

"डॉक्टरांच्या पार्किंगला पाणी येत नाही?"

एवढ्यातून गाडी पास झालीच, तर आरसीवर बँकेचा बोजा उतरला का आणि इन्शुरन्स तुमच्या नावावर कधी होणार, यावर अर्धा तास. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, हे तर काका एजंटलाही समजावतात. रंग विचारायचा नसतो. पांढरा. विकताना अडत नाही.

परिणामी आमच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या वॅगनआरची रांग लागली आहे आणि रात्री माणसं भलत्याच गाडीला किल्ली लावतात. काकांना नावं ठेवायला कितीदा तरी तोंड उघडलं. पण एकही गाडी अजून रस्त्यात बंद पडलेली नाही.